पंप बंद असताना

ताई परगावी गेली आणि तिच्या टाकीतले सात मिशाळ मासे सांभाळायचं लचांड धाकट्या भावाच्या गळ्यात पडलं. थंड नदीतले मासे ते. टाकीतही पंपाने प्रवाह सोडलेला, आणि सातही जण कायम पंपाकडे तोंड करून.

भर दुपारी पाणी बदलायला त्याने पंप बंद केला. तसे मासे वळले आणि खोलीच्या बंद दाराकडे तोंड करून जोरजोरात शेपट्या मारू लागले.

त्याने फोन लावला. “ताई, हे दाराकडे काय बघतायत गं?”

“बघत नाहीत रे वेड्या. जिकडून पाणी येतं, तिकडे तोंड करतात.”

“पण पंप बंद आहे.”

“मग पाणी कुठून येतंय?”

सातही तोंडं आता हळूहळू सरकत होती. दाराकडून कपाटाकडे, कपाटाकडून खुर्चीकडे. कोणीतरी सावकाश चालत यावं तशी.

मग ती तोंडं थांबली. अगदी त्याच्या समोर. नव्हे, त्याच्या खांद्याच्या मागे रोखलेली.

“अरे, ऐकतोयस ना?”

त्याच्या मानेला गार लागलं, आणि त्याचे कोरडे केस, पाण्यात तरंगावेत तसे, कानांवरून पुढे टाकीच्या दिशेने वाहू लागले.