जातो म्हणू नये

कुरिअरवाला धम्मदीप दारात आला तेव्हा स्वानंदच्या दिवाणावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे होते आणि सव्वादोन झाले होते. डावीकडचा कंपनीचा. कंपनीनं स्वानंदला पंधरा दिवसांपूर्वी काढलं होतं, आज लॅपटॉप परत मागवला होता. उजवीकडचा गावातल्याच, ढाणकीच्या बाजारातल्या शादाबच्या दुकानातून उसना आणलेला. त्याच्यावर तीन वाजता नव्या नोकरीची मुलाखत होती.

"पाच मिनिटं बसा," स्वानंद म्हणाला. "सामान हलवतोय."

धम्मदीपनं खोलीभर पाहिलं. सामान कुठं दिसलं नाही. तो बसला.

सामान म्हणजे सेटिंगच्या फायली. स्वानंदचं सगळं काम काळ्या पडद्यावर कमांड लिहून चालायचं आणि सात वर्षांत त्यानं एकेका कमांडला आपल्याकडची नावं देऊन टाकली होती. फोल्डरमध्ये काय आहे ते बघायचं तर 'पाय'. दुसऱ्या फोल्डरमध्ये जायचं तर 'सरक'. काही बिघडलं की का ते विचारायला 'काहून'. मूळ कमांड काय होत्या ते तो साफ विसरला होता. ह्या फायलींशिवाय मुलाखतीला बसला असता तर त्याला फक्त स्वतःचं नाव सांगता आलं असतं.

फायली ऑनलाइन ठेवलेल्या होत्या. पण ते खातं त्यानं कंपनीच्या ई-मेलवर उघडलं होतं आणि ई-मेल सकाळी दहाला बंद झाला. म्हणून पेनड्राइव्ह. ती त्यानं शादाबच्या लॅपटॉपला लावली आणि एक ओळ लिहिली. ह्या कामासाठी एक टूल असतं. एका ओळीत सगळी सेटिंग नव्या मशीनवर जशीच्या तशी बसते. बसली. तोच रंग, तीच अक्षरं, ओळीच्या सुरुवातीला तेच 'बोल बे'. आता दोन्ही पडदे त्याला बोल बे म्हणत होते. तो पंख्याकडं बघत बसला.

आई चहा घेऊन आली. ट्रे ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिनं उजवीकडचा लॅपटॉप उचलला, तिथं ट्रे ठेवला आणि लॅपटॉप पार डाव्या टोकाला नेऊन ठेवला.

एकच काम उरलं होतं. कंपनीचा लॅपटॉप कोरा करून द्यायचा. त्यासाठीची कमांड होती 'जातो'. ती मशीनवरचं सगळं पुसायची, लावलेली पेनड्राइव्हसुद्धा सोडायची नाही, आणि नक्की का म्हणून विचारायचीही नाही. विचारायची गरजच नव्हती. ह्या घरात तो शब्द चुकून कोणाच्या हातून लिहिला जाणार नाही, म्हणूनच ते नाव ठेवलं होतं.

स्वानंदनं डावीकडचा लॅपटॉप ओढला आणि इंग्रजीत चार अक्षरं लिहिली. एंटर राहिलं.

"काय लिहून राह्यला?" आईनं वाकून वाचलं. "जातो?"

"कमांड आहे ती, आई."

"कोनाची?"

"माझीच."

"मंग बदल. घरातून निघताना जातो म्हन्ते का कोनी? येतो म्हन."

"मी कुठं निघालो? लॅपटॉप निघाला."

"थो काय रस्त्यावर राह्यत होता? सात वर्सं इथंच होता ना? येतो म्हन."

धम्मदीप चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "मावशीचं बराबर आहे, सर. माहे दिवसाचे चाळीस दरवाजे होऊन जाते. चाळीसही जागी येतोच म्हनतो. लोकं म्हन्ते, आता कायले येतं?"

वाद घालायला अंगात जे काही लागतं, ते स्वानंदजवळ पंधरा दिवसांपासून नव्हतं. त्यानं चार अक्षरं खोडली आणि 'येतो' लिहिलं. ती पण त्याचीच कमांड होती, साधी. आहे तसं ठेव आणि बंद हो. लॅपटॉप बंद झाला.

धम्मदीपनं तो खोक्यात घालायला उचलून उलटा केला. खाली स्टिकर होतं. 'शादाब कॉम्प्युटर्स, ढाणकी. लग्नाचे अल्बम बनवून मिळतील.' पेनड्राइव्ह कडेला लटकत होती.

स्वानंदनं स्टिकर दोनदा वाचलं.

"हा नाही," तो म्हणाला आणि दुसरा पुढं घेतला. आई दूध बघायला आत गेली तेवढ्यात त्यानं 'जातो' लिहून उरकून टाकलं. दीड मिनिट लागलं. पडद्यावर 'तुमची भाषा निवडा' आलं. त्यानं झाकण लावलं.

धम्मदीपनं खोकं बंद केलं, चिकटपट्टी दातानं तोडली आणि मोबाइल काढला.

"सर, परत करायचं कारण टाकावं लागते. त्याच्याबिगर हे पुढं जातच नाही."

"काय काय आहे?"

"साइज बसली नाही. रंग पसंत नाही. वस्तू खराब निघाली. आता गरज नाही."

स्वानंदनं घड्याळ पाहिलं. पावणेतीन.

"शेवटचं टाका."

धम्मदीपचा अंगठा मोबाइलवर थांबला. "आता गरज नाही. कोनाले, सर?"

"तसं विचारलंय का त्यात?"

धम्मदीपनं स्क्रीन वर करून पाहिली, खाली करून पाहिली.

"नाही."

"मग राहू द्या."