उंबराईचा कौल

जीपमधून उतरवताना ठमाबाईचा एक हात खंडेरावानं धरला होता, दुसरा सहादूनं. एक नवरा, दुसरा शेजारी. पळून जाईल म्हणून धरली होती म्हणे. पळते कसली, वाटेतच तिला इतकं मारलं होतं की पाय टेकत नव्हता.

उंबराई देवीच्या ठाण्यावर मंगळवारची गर्दी होती. पुढे नाशकातल्या साहेबांच्या बायका, मागे कळवण-देवळ्याकडून आलेल्या. पेठकडच्या पाड्यावरची माणसं ठमाबाईला घेऊन शिरली तशी गर्दीनं वाट दिली. उंबराखाली चौरंगावर आई बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू.

"आई, कौल द्या," सहादू म्हणाला. "माझं पोरगं तापानं गेलं. भगत म्हनतो, हिनं खाल्लं. ही डाकीण हाय का नाय, तेवढं सांगा. तुमचा शबूद शेवटचा."

डाकीण ठरली तर ठमाबाई पाड्यावर जिवंत पोचणार नव्हती. तिथल्या प्रत्येकाला ते कळत होतं.

आईला तर चांगलंच कळत होतं. आई म्हणजे फुलाबाई, खंडेरावाची विधवा भावजय. बारा-तेरा वर्षांपूर्वी पाड्यावर गुरं मेली आणि ठमाबाईनं थोरल्या जावेकडं बोट दाखवलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. गावानं फुलाबाईला दगडांनी हाणत नदीपार हाकललं. तिचं घर आणि भाताचं खाचर खंडेरावाकडं आलं. सुंठीवाचून खोकला गेला.

नाशकात ती बांधकामावर विटा वाहू लागली. उंबराखाली एक दगड शेंदरून ठेवला, आणि एका मंगळवारी तिच्या अंगात आलं. आलं की आणलं, ते तिचं तिला ठाऊक. माणूस आतून इतकं जळत असलं की अंगात काहीतरी येणारच. आधी बिगारी बायका आल्या, मग मुकादम, मग बंगल्यांतल्या बायका. देवीनं पुरुषांना दारू सोडायला लावली. बायकोवर हात टाकणाऱ्याला भर उन्हात उभं केलं. सिंहस्थाच्या वर्षी तर मंडप पुरेना. गावोगाव उंबराईची ठाणी झाली, आणि शेवटी पाड्यावरही झालं. पाड्यावरच्यांनी तिला ओळखलं नाही असं थोडंच आहे? ओळखलं. पण हाकलली ती फुला वेगळी आणि ही आई वेगळी, असं त्यांनी आपलं ठरवून टाकलं. सोयीचं विसरायला माणसाला शिकवावं लागत नाही.

फुलाबाई विसरली नव्हती. तिच्या पाया पडायला रांग लागायची, पण तिच्याबरोबर जेवायला कुणी बसत नसे. तिला नावानं कुणी हाक मारत नसे. ताप आला तर कपाळाला हात लावत नसे. देवीला कोण हात लावणार? दर मंगळवारी आरती संपली की ती डोळे मिटून एकच मागायची, त्या ठमीला माझ्यापुढं आण.

आणली होती.

ठमाबाईनं मान वर केली. ओठ फुटला होता. आता ती गयावया करील, पाय धरील, असं फुलाबाईला वाटलं. त्यासाठीच तर इतकी वर्षं काढली होती.

"सांगून टाक, फुलाबाय," ठमाबाई म्हणाली. "मी तुझं खोटं सांगितलं, तू माझं सांग. फिटंल."

फुलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ही मरून सुटणार? इतक्या स्वस्तात? ती चौरंगावरून उठली. कौल देताना ती कधी उठत नसे, त्यामुळे टाळ थांबले.

"हाय," ती म्हणाली. "डाकीण हाय."

सहादूनं ठमाबाईचे केस धरले. खंडेरावानं तिचा हात सोडून दिला आणि तो दुसरीकडं बघू लागला.

"केस सोड," फुलाबाई म्हणाली. "तुमीच मलाबी डाकीण ठरवली हुती ना? तीच फुला मी. दर मंगळवारी माझ्या पाया पडताय. जी माझ्या अंगात आली, तीच हिच्या अंगात हाय. पडा पाया."

कुणी हललं नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका साहेबीणबाईंनी नारळ घेऊन डोकं टेकवलं, आणि मागून लोंढाच आला. सहादूनं केस सोडून डोकं टेकवलं. खंडेराव जन्मात पहिल्यांदा बायकोपुढं वाकला. बायकांनी ठमाबाईच्या अंगावर हिरवं लुगडं घातलं, रक्त पुसून मळवट भरला, तिला चौरंगावर बसवलं. ती हुंदके देत होती. जीव वाचला होता तिचा.

गर्दी ओसरल्यावर खंडेराव हात जोडूनच जवळ आला. घाबरला होता, पण सुटल्यासारखाही दिसत होता.

"ठमे, चल. गाडी उभी हाय. पोरं वाट बघतेत."

ठमाबाई पदर सावरत घाईनं उठली. फुलाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला परत खाली बसवलं.

"देवीला घर नसतं, भावजी."