गोल आणि बाण

माहिती सामान्य माणसाच्या हाती आली की अज्ञान संपतं, असं तालुका आरोग्य अधिकारी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या उद्घाटनात म्हणाले आणि माईक बंद पडला.

मग पुण्याहून आलेल्या इंजिनियरने पडद्यावर मागच्या साथीचं जाळं उघडलं. "गोल म्हणजे रुग्ण, बाण म्हणजे कुणाकडून कुणाला लागण झाली ते. नुसतं बोट ठेवायचं. या ना, मावशी!"

"मावशी कुणाला म्हणतोस रे? सुई टोचीन," म्हणत आरोग्यसेविका इंदुमती खोत उठल्या. सगळे हसले.

नावं झाकलेली होती, पण गाव, वय, काम दिसत होतं. इंदुमतीबाईंनी आपल्या गावावर बोट ठेवलं. निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर, मृत. म्हणजे अण्णा, त्यांचे वडील. शेजारी दूधवाल्याचा गोल. त्यानेच रोग घरात आणला म्हणून बाईंनी गावातला त्याचा रतीब बंद पाडला होता. आपल्याला झालं ते अण्णांची सेवा करताना, असं त्या धरून चालल्या होत्या.

बाण अण्णांकडून दूधवाल्याकडे गेला होता. अण्णांकडे येणारा बाण एकच होता, तो आरोग्यसेविकेच्या गोलातून निघाला होता. गावात आरोग्यसेविका एकच होती.

"कळलं का, मावशी?"

"कळलं."

"बघा! कॉम्प्युटर न शिकता, एका मिनिटात!" इंजिनियरने टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

जेवणानंतर दुसऱ्या तुकडीलाही त्याने तेच उदाहरण दाखवलं.