मार्सियनची कात्री

ओवीने पहिल्याच घासाला दहीभात कालवला. वरण-पोळीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

इरावतीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "अगं, दहीभात शेवटी खायचा असतो. हे कोणी शिकवलं तुला?"

"नोबडी," आठ वर्षांची ओवी म्हणाली आणि खात राहिली.

असं उलटं जेवायचा तो निमिष, इरावतीचा नवरा. ओवी चार महिन्यांची असताना तो घर सोडून गेला आणि वर्षभरातच तिकडे पर्थला वारला. ओवीला बापाचा आवाजसुद्धा ठाऊक नव्हता. ट्रुगानिना उपनगरातल्या या घरात त्याचा एकही फोटो नव्हता. लग्नाच्या अल्बममधूनही इरावतीने त्याला कात्रीने नेमका काढून टाकला होता. लेकीला त्याची सावलीही लागू नये, एवढीच तिची धडपड.

जेवण उरकून ती लॅपटॉप घेऊन बसली. युनिव्हर्सिटीत तिचा प्रबंध चालला होता, मार्सियनवर. मार्सियन दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती. शिक्षा करणारा जुना देव वेगळा आणि येशूचा दयाळू पिता वेगळा, असं तो म्हणे. म्हणून बायबलचा जुना करार त्याने अख्खा नाकारला. एक शुभवर्तमान आणि पौलाची काही पत्रं ठेवली, तीही नकोशा ओळी गाळून. चर्चने त्याला पाखंडी ठरवलं. आज त्याच्या पुस्तकाची एकही प्रत नाही. आहेत ती त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांची पुस्तकं. त्यांनी खोडून काढायला म्हणून जेवढं उतरवलं, तेवढाच मार्सियन उरला.

इरावतीला हा पाखंडी मनातून पटायचा. पोरीला चांगलं जग द्यायचं तर कात्री चालवावीच लागते.

तेवढ्यात पाठीमागे तबला वाजला. धा तिरकिट धा. तोंडाने वाजवलेला.

तिने वळून पाहिलं. ओवी खिडकीशी पाठमोरी उभी होती. डावी टाच उचललेली. बाहेर दुपारचं ऊन रखरखत होतं, तरी इरावतीच्या अंगावर काटा आला. निमिष अस्साच उभा राहायचा. टाचसुद्धा डावीच.

तिने ओवीचे खांदे गच्च धरले. "कोण येतं इथे? कोण दिसतं तुला? खरं सांग, नाहीतर आजच्या आज हे घर सोडू आपण!"

ओवीने शांतपणे खांदे सोडवून घेतले. दप्तरातून रविवारच्या मराठी शाळेची वही काढून तिने आईपुढे ठेवली. वहीवर वेडंवाकडं लिहिलं होतं, 'तो माणूस'.

इरावतीने पान उलटलं.

'तो माणूस आधी दहीभात खातो. तो माणूस डावी टाच वर करून खिडकीत उभा राहातो. तोंडाने तबला वाजवतो. तो माणूस भांडण झालं की हसतो.'

पुढचं पान. त्याच्या पुढचं. अर्धी वही भरली होती.

"तू सुनीतीमावशीला सांगतेस ना, कारमध्ये? स्पीकरवर," ओवी म्हणाली. "एव्हरी डे."

इरावतीने वही मिटली. "पण मी तर त्याला शिव्या देते, ओवी."

"आय नो, आई. तेवढ्या मी कापते."