निवायच्या आत

"दाजी, बक्कलाला अंघोळ घालताय? टॉवेल आणू का?" फोरमन दारातून हसला.

भट्टीवाल्याचं लक्ष हातातल्या वाटीकडे होतं. तो फोरमनच्या बहिणीचा नवरा. इतका संथ, की त्याची शिंक सकाळी सुरू होऊन जेवणाच्या सुट्टीत संपते, असं सगळा कारखाना शपथेवर सांगायचा. वाटीतल्या, रंग पातळ करायच्या थिनरमध्ये त्याने प्लॅस्टिकचं एक बक्कल बुडवलं होतं. काचेसारखं आरपार, उंचावर दोराला लटकून काम करणाऱ्यांच्या कमरपट्ट्याचं.

साच्यातून निघालेलं प्लॅस्टिक आतून अवघडलेलं, ताण धरून असतं. ते भट्टीत शेकायचं, मग भट्टी बंद करून दार न उघडता आतच निवू द्यायचं, तरच तो ताण सुटतो. काल त्याची रजा होती. आज येऊन बघतो, तर टेबलफॅन भट्टीकडे तोंड करून उभा, आणि खाली सांडलेलं हे बक्कल.

"काल दार उघडलंस?"

"ट्रक फाटकात, ड्रायव्हर डोक्यावर बसलेला. पंखा लावून घटकेत गार केलं, पट्ट्यांना जोडलं. अहो, दोघं लोंबकळून बघितलं आम्ही! हूं की चूं नाही."

भट्टीवाल्याने बक्कल बाहेर काढलं. त्यावर केसाएवढी रेघ उमटली. मग दुसरी. मग कोळ्याला घाई झाल्यासारखं जाळंच पसरलं. त्याने दोन बोटांनी जरासं दाबलं. बक्कल बिस्किटासारखं तुटलं.

"पण थिनरमध्ये पट्टा बुडवतंय कोण?" फोरमनचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

"बुडवायला कशाला हवा? थिनरचा हात लागला तरी पुरे. मालकांना सांग, ट्रक वाटेतच थांबवा म्हणावं."

फोरमन हलला नाही. त्याचा मुलगा रंगारी होता. उंच इमारती बाहेरून रंगवायचा.

"त्यातला एक पट्टा मी ठेवून घेतला, दाजी. पोराचा जुना झिजला होता. आज सकाळीच दिला."

तेव्हा मात्र भट्टीवाला धावला. टेबलावरचा फोन आणून त्याने मेव्हण्याच्या हातात कोंबला.

"लाव."

फोरमनने फोन कानाला लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली.

"उचलत नाही?"

"दोरावर असला की नाही उचलत," फोरमन म्हणाला. "मीच बजावलंय त्याला."