तिसरा इंजेक्टर

बॉनेट उघडं होतं आणि जागेवर उभ्या गाडीचं इंजिन ताप चढल्यासारखं थरथरत होतं.

मारुतराव निमोण्याहून गॅरेजात तिसऱ्यांदा आले होते. महिनाभरात अयुबभाईंनी प्लग बदलले होते, हवेचा मार्ग साफ केला होता. तरी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी हेलकावे खायची, मधूनच बंद पडायची.

"काल शिक्रापूरच्या चौकात बंद पडली," मारुतराव सीटवर बसूनच म्हणाले. "मागं ट्रक. आत आमची गीताबाई, डायलिसिस करून आलेली. तुमच्या कानावर भरवसा हाय म्हणून मी दुसरीकडं जात न्हाई, अयुबभाई."

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानावर ठेवून अयुबभाई तीस वर्षं दोष ओळखत आले होते. या कानासाठी दौंडहूनही गाड्या शिरूरला यायच्या. सवयीने त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मुलीपुढे धरला. "सना, तू सांग आधी."

वर्षभर असंच चाललं होतं. सना ऐकून सांगायची, अब्बा मान हलवून "बरोबर" म्हणायचे. बीएस्सीच्या मुलीला ते हे सगळं का शिकवतात, ते तिला कळायचं नाही. आवडायचं मात्र. सोमवारी ती एमएस्सीसाठी पुण्याला, हॉस्टेलवर जाणार होती.

"पोरीची शाळा नंतर भरवा," मारुतराव म्हणाले. "आज तुम्ही स्वतः ऐका."

अयुबभाई जरा थांबले. मग डोळे मिटून इंजिनवर वाकले.

"पहिला इंजेक्टर चालू हाय." थोड्या वेळाने, "दुसरा बी."

पलीकडच्या बाजूने सना चारही इंजेक्टरांवर बोट ठेवून बघत होती. पेट्रोल सोडताना इंजेक्टर टकटक करतो. ती टकटक बोटालाही कळते. पहिल्यावर कळली, दुसऱ्यावर कळली, चौथ्यावरही. तिसरा गप्प होता. खात्रीसाठी तिने त्याची वायर काढली. चांगल्या इंजेक्टरची वायर काढली की इंजिन आणखी डगमगतं. इथे थरथर वाढली नाही की कमी झाली नाही. म्हणजे तो आधीच बंद होता.

सांगायला तिने मान वर केली. तेवढ्यात अब्बांचा स्क्रू ड्रायव्हर तिसऱ्यावर आला.

"तिसरा तर झकास," ते डोळे मिटूनच म्हणाले. "घड्याळासारखा चाललाय."

वायर सनाच्या हातात होती.

तिने अब्बांचं बोट धरलं, चौथ्यावर ठेवलं, मग तिसऱ्यावर. त्यांनी डोळे उघडले. आधी वायर पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं.

"तिसरा गेलाय, मारुतराव," ते मोठ्याने म्हणाले. "सांजच्याला नवा बसवून देतो."

मारुतराव इंजिन बंद करून खाली उतरले. "बघा. स्वतः ऐकलं की लगेच घावलं. पहिल्या दोन खेपांना कुठं लक्ष होतं तुमचं?" हसत ते चहाला गेले.

त्या दोन्ही खेपांना सना गॅरेजात नव्हती. प्रवेशासाठी पुण्याला गेली होती.

"कधीपासून, अब्बा?" तिने हळू आवाजात विचारलं.

अयुबभाई हात पुसत राहिले. तिचे ओठ हलले तेव्हा ते इंजिनकडे बघत होते. मग त्यांनी फडक्याने स्क्रू ड्रायव्हरची मूठ पुसली, वाकून गाडीची किल्ली फिरवली आणि थरथरत्या इंजिनवरून स्क्रू ड्रायव्हर तिच्यापुढे धरला.

"चौथा राहिलाय," ते म्हणाले. "तू सांग आधी."