पंपातला ओरखडा

इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा त्यानं सूर धरला, आणि तेलाच्या दाबाचा काटा चढत चढत हिरव्या पट्ट्यात जाऊन बसला. सुनेनं त्याच्यावरची नजर काढली नाही. इंजिन चांगलं तापलं तरी काटा हलला नाही, तेव्हा कुठे तिनं ते बंद केलं.

घरामागच्या शेडपुढे जमलेली फ्लाइंग क्लबातली मंडळी घरीच बांधलेल्या विमानाभोवती गोळा झाली. पंख अजून भिंतीला टेकूनच होते. ते लागले की पहिल्यांदा तीच विमान उडवणार होती.

"तेलाच्या पंपाचं काम आमच्या बाबांचं बरं का!" नवरा कौतुकानं म्हणाला. "या वयात!"

झालं, कसं केलं ते सांगा म्हणून सगळे सासऱ्यांच्या पाठी लागले. अख्खा जन्म लेथवर काढलेला माणूस. क्लबात त्यांना उस्तादच म्हणत. पंपाचा ठोकळा मुठीएवढा, पण त्यातल्या ज्या भोकात दांडा फिरतो ते आरशासारखं गुळगुळीत लागतं. कुठे ओरखडा राहिला तर तेल तिथून निसटतं, दाब पडतो आणि इंजिन हवेतच जाम होतं.

"ड्रिलनं नेमक्या मापाचं भोक पाडायचंच नाही," सासरे सांगू लागले. "लहान ठेवायचं. मग बोअरिंग करून सरळ करायचं, आणि शेवटचा केसभर थर रीमरनं, त्या धारदार सळईनं, काढायचा. भरपूर तेल सोडायचं. आत जाताना आणि बाहेर येताना रीमर एकाच बाजूला फिरवायचा. उलटा फिरला की कीस धारेखाली अडकतो आणि..." ते मध्येच थांबले.

"चला!" वेल्डिंग करून देणारा मित्र त्यांची पाठ थोपटत म्हणाला. "म्हणजे आता विमान पडलं तर माझ्यामुळे पडेल, उस्तादांमुळे नाही!"

सगळे खो खो हसले. सासरे हसले नाहीत. हात धुऊन येतो म्हणाले आणि शेडमध्ये गेले. हात स्वच्छच होते.

सुनेला मान वर करवेना. इंजिनात बसलेला ठोकळा सासऱ्यांचा नव्हताच. त्यांनी तेलकट कागदात गुंडाळून दिलेल्या ठोकळ्यात तिनं बॅटरी धरून पाहिलं, तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी रेघ दिसली होती. त्यांचा हात अलीकडे थरथरायचा. घरात सगळ्यांना ते दिसत होतं, पण कुणी विषय काढत नसे. तिनंही काढला नाही. तो ठोकळा टेबलाच्या खणात सारला, आणि दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर त्यांच्याच लेथवर दुसरा केला. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. त्यांचं मन राखलं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आज चारचौघांत त्यांची पाठ थोपटली जाताना पाहून मात्र तिला स्वतःचीच शरम वाटली. लहान मुलाच्या चित्राची खोटी वाहवा करावी, तसं तिनं या माणसाचं केलं होतं.

ती त्यांच्या मागोमाग आत गेली. सासरे बेसिनशी उभे राहून साबण चोळत होते.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक." त्यांनी वळून पाहिलं नाही. "हे विमान उडवू नकोस."

"का? दाब तर छान..."

"आज आहे. पुढे राहणार नाही. त्या भोकात ओरखडा आहे. हात थरथरला, रीमर मागे फिरला. मला दिसला होता तो. वर बारीक पॉलिश पेपर मारला, कागदात गुंडाळला आणि दिला तुझ्या हातात." नळाचं पाणी वाहत होतं. "तू त्यात बसणार हे ठाऊक असून दिला."

सुनेनं पुढे होऊन नळ बंद केला.

"इंजिनात तुमचा नाहीये, बाबा. मी दुसरा केला."

आता ते वळले. "कधी?"

"तुम्ही दिलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही झोपला होतात."

त्यांनी डोळे मिटले. ताठलेले खांदे एकदम खाली आले. जीव भांड्यात पडलेल्या माणसासारखा त्यांनी एक लांब श्वास सोडला. मग हळूहळू चेहरा उतरत गेला.

"म्हणजे मघाशी माझं कौतुक चाललं होतं, तेव्हा तुला सगळं माहीत होतं."

"हो."

"आणि गप्प बसलीस."

"तुम्हीही बसलात."

शब्द तोंडातून गेला आणि तिनं ओठ चावला. सासरे ओल्या हातांकडे पाहत राहिले.

"बाबा, या ना लवकर!" नवऱ्याची हाक आली. "इंजिनाजवळ उभे राहा, फोटो काढायचाय!"

त्यांनी हात पँटला पुसले आणि ते बाहेर गेले. ती मागोमाग. पण ते इंजिनापाशी गेले नाहीत, दारातच उभे राहिले.

"एक मिनिट," ते म्हणाले. "हे काम माझं नाही. सुनेनं केलंय. माझं फुकट गेलं होतं."



"बघा, बघा!" वेल्डिंगवाला ओरडला. "याला म्हणतात मोठेपणा! सगळं श्रेय सुनेला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नवऱ्याचे डोळे भरून आले होते; सगळ्यांत जोरात तोच वाजवत होता.

"अहो, खरंच सांगतोय मी..." सासऱ्यांचा आवाज त्यात बुडून गेला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. या माणसानं कुणाकडे काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. आता तो मागत होता.

ती पुढे होऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली. बोलायला तिनं तोंड उघडलं, पण टाळ्या थांबेपर्यंत तिला थांबावं लागलं.